बोटावरचा आकडा

सन २०२० च्या सप्टेंबर महिन्यातील गोष्ट. पावसाळा सरत आला होता, खाचरांतून भात निसवत होते आणि शाळा मात्र मार्चपासून बंद होत्या. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही शासनाची मोहीम १५ सप्टेंबरला सुरू झाली. घरोघर जाऊन ताप आणि रक्तातील प्राणवायू तपासणाऱ्या पथकांना स्वयंसेवक हवे होते. मी विज्ञानाचा शिक्षक. घरी बसून कंटाळलोही होतो. आशाताईंबरोबर कर्जत तालुक्यातील एका ठाकरवाडीत गेलो. ताईंनी कपाळासमोर तापमापक धरायचा, मी बोटाला चिमट्यासारखे यंत्र लावून आकडा वाचायचा आणि तिसऱ्याने तो वहीत लिहायचा, अशी आमची वाटणी होती.

एका घराच्या ओटीवर एक वृद्ध बाई बसली होती. आत चूल दिसत होती. ती थंड होती. तिच्या बोटाला यंत्र लावले. आकडा आला ९८. "आजी, सगळे ठीक आहे," मी म्हणालो. तिने त्या यंत्राकडे जरा वेळ निरखून पाहिले आणि विचारले, "मास्तर, याच्यात भूक दिसते का?"

मी हसलो. अजून वीस-बावीस घरे व्हायची होती, ऊन चढत होते, आणि आमच्या वहीत भुकेचा रकाना नव्हता. तिसऱ्याने ९८ लिहिले आणि आम्ही पुढे निघालो. आकडा खरा होता. तरीही त्या दिवशी काही तरी खोटे घडले, ही टोचणी मला पुढे कित्येक दिवस सोडीना. ती टोचणी नेमकी कशाची होती, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे.

वास्तविक आजीचा प्रश्न मला नवा वाटायला नको होता. त्याच्या चार वर्षे आधी आमचे थोरले बंधू एका मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात होते. न्यूमोनियाचा जंतुदोष रक्तात पसरला होता. मी काचेपलीकडून मॉनिटरकडे पाहत असे. प्राणवायूचा आकडा ९७. मला धीर वाटे. दुसऱ्या रात्री एक तरुण डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "काका, त्या आकड्यावर जाऊ नका. रक्तात प्राणवायू आहे, पण पेशींना तो वापरता येत नाहीये." रक्तातील लॅक्टेट वाढत चालले होते. तिसऱ्या दिवशी दादा गेले. शेवटपर्यंत तो आकडा फारसा उतरला नव्हता.

वर्गात मी हा धडा किती वर्षे शिकवला होता! तंतुकणिका म्हणजे पेशीचे ऊर्जाकेंद्र, हे वाक्य मुलांकडून पाठ करून घेतले होते. पण पाठ केलेले वाक्य आणि काचेपलीकडचा भाऊ यांची गाठ तोवर पडली नव्हती.

तंतुकणिकेचे काम समजून घ्यायला कर्जत-खालापूरच्या माणसाला दूर जावे लागत नाही. लोणावळ्याच्या पठारावर अडवलेले पाणी मोठ्या नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीला येते आणि तेथील जनित्रे फिरवते. हे वीजघर १९१५ साली सुरू झाले. भिवपुरीचे १९२२ साली. आपल्या प्रत्येक पेशीत साधारण असाच खेळ चालू असतो. अन्नातून मिळणाऱ्या ऊर्जेच्या बळावर तंतुकणिका आपल्या आतल्या पडद्याच्या एका बाजूला हायड्रोजनचे धनभारित कण अडवून धरते. ते परत येताना पडद्यातील एका अतिसूक्ष्म चक्रातून येतात, ते चक्र फिरते आणि एटीपी नावाचे ऊर्जेचे चलन तयार होते. ही कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ साली मांडली, तेव्हा ती फार थोड्यांना पटली; १९७८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या फिरत्या चक्राचा उलगडा करणाऱ्या पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना ते १९९७ साली मिळाले.

मग प्राणवायूचे काम कोणते? वीजघरातून बाहेर पडलेले पाणी पाताळगंगेने वाहून नेले नाही, तर वरून कितीही पाणी येवो, जनित्र थांबेल. पेशीत प्राणवायूचे काम असे वाहून नेण्याचे आहे. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन सर्व टप्पे उतरून आले की शेवटी तो त्यांना उचलून घेतो आणि त्यांचे पाणी होते. म्हणजे चक्र फिरायला दोन गोष्टी हव्यात: वरून अन्न आणि खाली प्राणवायू. एटीपीचा साठा शरीरात अगदी थोडा असतो. तो क्षणोक्षणी नवा करावा लागतो. चूल विझू देऊन चालत नाही.

बोटावरचे यंत्र यातले काय पाहते? जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली त्याची कल्पना मांडली. तांबडा प्रकाश आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश बोटातून पार जातात आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्याला रोहिणीतील रक्तात प्राणवायू किती भरला आहे हे त्यावरून समजते. या साध्या यंत्राने असंख्य प्राण वाचवले आहेत. पण ते तलावातील पाण्याची पातळी सांगते. जनित्र फिरते आहे की नाही, हे त्याला ठाऊक नसते. दादांच्या वेळी जनित्रच बिघडले होते. आजीच्या बाबतीत वरून येणारे पाणी आटत चालले होते. दोघांचाही आकडा उत्तम होता.

जनित्र प्रत्यक्ष फिरताना पाहावे, तेही जिवंत शरीरात, हा ध्यास शास्त्रज्ञांनी साठ वर्षांहून अधिक काळ घेतला आहे. अमेरिकेत ब्रिटन चान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली दाखवून दिले, की तंतुकणिकेतील एनएडीएच हे द्रव्य अतिनील प्रकाशात चमकते आणि पेशीला प्राणवायू कमी पडला की ती चमक वाढते. हे त्यांनी जिवंत उंदरांच्या मेंदूवर आणि मूत्रपिंडावर पाहिले. १९७७ साली फ्रान्स योब्सिस यांनी अवरक्त प्रकाश कवटीतून आरपार पाठवून मेंदूतील प्राणवायूचा वेध घेतला. नेदरलँड्समध्ये एग्बर्ट मिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली आणखी एक वाट दाखवली. पुढे तिच्यावरून रुग्णशय्येजवळ ठेवण्याजोगे यंत्र तयार झाले. छातीच्या त्वचेवर एक औषधी पट्टी काही तास लावून ठेवतात. त्यामुळे तंतुकणिकांत एक प्रकाशसंवेदी द्रव्य साठते. मग हिरव्या प्रकाशाचा एक क्षणिक झोत सोडला, की तांबडी चमक परत येते. ती लवकर विझली तर तेथे प्राणवायू भरपूर आहे, रेंगाळली तर कमी आहे. रोपणासाठी काढलेले यकृत थंड ठेवून त्यातून प्राणवायुयुक्त द्रव खेळवताना, त्या द्रवात तंतुकणिकांतून सुटलेले एक द्रव्य मोजून हे यकृत पुढे काम करील की नाही याचा अंदाज बांधण्याची रीत झुरिकच्या शल्यवैद्यांनी २०१९ साली मांडली.

हे सारे वाचताना माझ्यातला शिक्षक हरखून जातो. परंतु यातील एका पायरीपाशी मी नेहमी थबकतो. लंडनमधील संशोधकांनी २००२ साली अतिदक्षता विभागातील सेप्सिसच्या रुग्णांच्या मांडीतील स्नायूचे बारीक तुकडे काढून तपासले. जे पुढे दगावले, त्यांच्या स्नायूंत एटीपी कमी आढळले. दादांच्या डॉक्टरांनी मला जे सांगितले, त्याच्या मुळाशी असलेल्या ज्ञानात अशा अभ्यासांचा वाटा आहे. पण विचार करा: जो तुकडा काढला, तो त्या रुग्णाला बरे करण्यासाठी नव्हता. तो पुढे कधी तरी येणाऱ्या, अनोळखी रुग्णासाठी होता. आणि इतका आजारी माणूस स्वतः हो किंवा नाही म्हणू शकत नाही. त्याच्या वतीने आप्तांना बोलावे लागते.

हे करणे योग्य आहे का? पोप पायस बारावे यांनी सप्टेंबर १९५२ मध्ये वैद्यकीय संशोधनाच्या नैतिक मर्यादांवर केलेल्या भाषणात या प्रश्नाला हात घातला होता. विज्ञानाचे हित, रुग्णाचे हित आणि समाजाचे हित, ही तिन्ही खरी आहेत. परंतु तिन्हींपैकी एकही निरंकुश नाही, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. माणूस हा समाजाच्या उपयोगाचा केवळ एक अवयव नव्हे. म्हणून समाजाच्या भल्याचे नाव घेऊनही त्याच्या देहावर कोणी हक्क सांगू शकत नाही. तो देह देणगी म्हणून पुढे करता येतो, परस्पर उचलता येत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही दुर्बल गटांना विशेष संरक्षण द्यावे आणि संशोधनाचा लाभ सहभागी लोकांपर्यंत पोचावा, असे सांगितले आहे.

येथवर बहुतेकांचे एकमत होईल. माझी अडचण पुढे आहे. सुरी लागते तेव्हा आपण परवानगी विचारतो, कारण जखम दिसते. प्रकाशाच्या झोताने जखम होत नाही, रक्त निघत नाही, दुखत नाही. मग विचारायचे कशाला, असे वाटू लागते. पाहणे जितके सोपे होत जाते, तितका पाहणाऱ्याचा संकोच कमी होत जातो. दादा गेले त्या सकाळी आधी घेतलेल्या रक्तातील थोडे रक्त एका अभ्यासासाठी ठेवू का, असे मला विचारण्यात आले. नवी सुई टोचायची नव्हती. मी कागद न वाचता सही केली. त्या रक्ताचे काय झाले, कोणाला त्याचा उपयोग झाला का, हे मला कोणी कळवले नाही. मीही कधी विचारले नाही. आपल्याच भावाच्या देहातील शेवटची देणगी मी देणगी म्हणून दिलीच नाही. ती माझ्या हातून नुसती निसटली.

काही जण म्हणतील, 'ज्या वाडीत चूल पेटत नाही, तेथे तंतुकणिकांच्या गप्पा कशाला? आधी भाकरी द्या, मग मोजा.' या म्हणण्यातील कळकळ मला समजते. तरी ते मला पुरते पटत नाही. गरिबाला भाकरी पुरे आणि अचूक निदान श्रीमंताला, अशी वाटणी त्यातून नकळत होते. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासाने दाखवले, की बोटावरचे हेच यंत्र प्राणवायूची धोकादायक कमतरता गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांत जवळजवळ तिप्पट वेळा चुकवते. सावळ्या त्वचेच्या माणसांवर यंत्राची पुरेशी पारख झाली नाही, की चूक त्यांच्याच वाट्याला येते. म्हणजे ठाकर-कातकऱ्यांना संशोधनापासून दूर ठेवणे, हाही अन्यायच; आणि त्यांच्यापासून आकडे घेऊन त्यांना वाऱ्यावर सोडणे, हाही अन्याय. खोपोली-भिवपुरीची वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. तारा ज्यांच्या डोक्यांवरून गेल्या, त्यांतील कित्येक वाड्यांत दिवा फार उशिरा लागला. ज्ञानाच्या तारांचेही तसेच होऊ नये.

तर मग प्रश्न मोजावे की नाही, हा नाही. मोजणाऱ्याने कशाला बांधून घ्यायचे, हा आहे. याचे एक साधे उदाहरण अंगणवाडीत पाहायला मिळते. लहान मुलाच्या दंडाभोवती एक रंगीत पट्टी गुंडाळतात. घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, म्हणजे खूण तांबड्या रंगावर आली, की मूल तीव्र कुपोषित समजायचे. पट्टीची किंमत नगण्य, तिच्यात प्रकाश नाही की विद्युतमंडल नाही. पण त्या तांबड्या रंगापुढे काय करायचे, हे आधीच ठरलेले असते: विशेष आहार, औषध, गरज पडल्यास रुग्णालय. ती व्यवस्था जेथे चालते तेथे पट्टी म्हणजे दिलेला शब्द असतो. जेथे चालत नाही तेथे ती नुसती पट्टी उरते. उंदरांना कमी प्रथिनांच्या आहारावर ठेवले असता त्यांच्या यकृतातील तंतुकणिका बिघडतात, असे २०१६ साली प्रयोगात दिसले आहे. उद्या कदाचित कुपोषित मुलाच्या तंतुकणिकांची दशा त्वचेवरून वाचता येईल. पण तो आकडा ज्याच्या हाती पडेल, त्याच्याकडे त्या अंगणवाडीतील ताईंइतके तरी उत्तर हवे.

कोणाच्याही देहात डोकावून पाहणे म्हणजे त्याला एक वचन देणे होय. मी तुझी अवस्था पाहिली आहे, आता ती माझ्यापुरती तरी तुझ्या एकट्याची राहिली नाही, असे ते वचन. वाडीवर मला जी टोचणी लागली, ती हे वचन मोडल्याची होती. आकडा चुकला नव्हता. आकड्यानंतरचा मी चुकलो होतो.

शुभवर्तमानातील शोमरोन्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. यरुशलेमहून यरीहोला जाणारा तो रस्ता उतरणीचा. आपल्या खंडाळ्याहून खोपोलीला उतरणाऱ्या घाटासारखाच. त्या गोष्टीत एक बारकावा आहे. जखमी माणसाला याजकाने पाहिले, लेव्यानेही पाहिले आणि शोमरोन्यानेही पाहिले. पाहण्यात कोणीच कमी पडले नाही. फरक पडला तो पाहिल्यानंतरच्या पावलात. आणि शोमरोनी जखम बांधून थांबला नाही; त्याने त्याला उतारशाळेत नेले आणि परत येण्याचे सांगून गेला. परत येणे हा त्या दयेचा अर्धा भाग आहे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला पोलीस-कोर्टाच्या जाचापासून संरक्षण मिळाले. द्रुतगती मार्गावरील अपघातांत खालापूर-खोपोली भागातील तरुण मदतीला धावतात, ते आपण पाहतो. पण कायदा जवळ जाणाऱ्याला अभय देऊ शकतो. जवळ जायला लावू शकत नाही.

आपल्या धर्मग्रामांतून आरोग्य शिबिरे भरतात. आम्हीही भरवली आहेत. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन तपासले जाते. शेवटी इतक्या जणांची तपासणी झाली असा अहवाल निघतो आणि समाधान वाटते. ज्यांच्या हिमोग्लोबिनचा आकडा सातवर होता, त्या बायकांच्या घरी पुढच्या महिन्यात कोण गेले, हे त्या अहवालात नसते. शिबिराची तारीख ठरवताना परत जाण्याची तारीखही ठरवावी. ती ठरवता येत नसेल, तर कमी लोक तपासावेत. तसेच रुग्णालयात आप्ताच्या वतीने सही करण्याची वेळ आली, तर कागद वाचून घ्यावा, आणि तीन गोष्टी शांतपणे विचाराव्यात: हे त्याच्या उपचारासाठी आहे की अभ्यासासाठी? नाही म्हटल्यास उपचारात फरक पडेल का? आणि यातून काय निघाले, ते आम्हाला कळेल का? उत्तरे मनाजोगती असतील तर आनंदाने हो म्हणावे. अनोळखी माणसासाठी देह पुढे करणे, यासारखे दान थोडेच असते.

दिवाळीनंतर मी त्या वाडीत पुन्हा गेलो. दोन महिने मध्ये गेले होते. का गेलो नाही, याला सांगण्याजोगे कारण माझ्यापाशी नाही. बरोबर तांदूळ, डाळ आणि तेल होते. आशाताईंना सांगून आजीचे रेशनकार्ड कोठे अडले आहे, याची चौकशीही करून ठेवली होती. ओटीवर आजी तशीच बसली होती, जरा अधिक वाळलेली. माझी तोंडपट्टी असूनही तिने मला ओळखले. मी पिशवी खाली ठेवण्याच्या आधीच तिने आपले बोट पुढे केले.

यंत्र मी आणलेच नव्हते. पण ते पुढे आलेले बोट मला अजून दिसते. पहिल्या वेळी मी तिला काहीच दिले नव्हते, नुसता एक आकडा घेऊन गेलो होतो. आणि तरीही तिचा विश्वास शाबूत होता. गरीब माणूस आपला देह इतक्या सहजपणे आपल्या हाती देतो. त्या सहजपणाचा गैरफायदा न घेणे, एवढे तरी विज्ञान शिकलेल्या आणि प्रार्थना करणाऱ्या आपल्याला जमायला हवे.